पाकिटातला केस

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार घालायचा म्हटलं तर उठताना कुणाचा तरी हात लागतो, आणि इथे हात द्यायला कुणी नाही, म्हणून बसल्या जागेवरूनच नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला गेला का, की घरातलंच माणूस असल्यासारखा मुक्काम ठोकून आहे? मी ठीक आहे. (ठीक म्हणजे काय, ते पुढे कळेलच.)

तुला ठाऊकच आहे, गेली दोन वर्षं मी नगरभवनाच्या तळघरात एका कापडासमोर बसले आहे. अठरा फूट लांब, शंभर वर्षांपूर्वी बायकांनी मिळून भरलेलं नदीकाठचं चित्र. वरच्या सभागृहात लागायचं आहे. रेशीम इतकं जीर्ण की जवळ कुणी शिंकलं तर नदीचा एखादा काठ जायचा. (मी शिंकायला जिन्यात जाते.) मागून नवं कापड लावायचं आणि जुनं त्यावर बारीक टाक्यांनी धरून ठेवायचं, हे माझं काम. समोरून टाका दिसला तर तो चुकला, असा आमचा धंदा. म्हणजे काम जितकं चांगलं, तितकं ते कुणालाच दिसत नाही. बोलायला दिवसभर चित्रातल्या नदीवर धुणं धुणाऱ्या अकरा बायका आहेत, पण त्या कामात असतात.

तर झालं असं. कापडातून जे काही निघेल ते टाकायचं नाही, पाकिटात घालून वर तारीख लिहायची, हा आमचा नियम. आजवर किड्यांचे पंख, एक टाचणी, पावाचा चुरा असा ऐवज जमला होता. गेल्या महिन्यात जुनं अस्तर काढताना शिवणीत अडकलेला एक लांब केस सापडला. पांढराशुभ्र. मला वाटलं, ही भरणाऱ्यांपैकीच कुणीतरी. म्हातारी, एकटी, खाली मान घालून टाके घालत बसलेली. मी रीतसर अहवाल लिहिला, एका केसावर दोन पानं. तिची घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं, इथपर्यंत माझी मजल गेली. (हे केसावरून कसं कळलं, ते मला कुणी विचारलं नाही.) व्यवस्थापकांनी वाचून चष्मा पुसला, समितीने माहितीफलकात तिच्यासाठी एक ओळ घालून तो लगोलग कोरायला टाकला, आणि केस तपासणीला गेला.

प्रयोगशाळेचं उत्तर परवा आलं. केसाला शाम्पू लागलेला आहे, आणि तो शाम्पू बाजारात येऊन जेमतेम चार वर्षं झाली आहेत.

व्यवस्थापक सभ्य माणूस. तळघरात कोण कोण येतं, एवढंच त्यांनी हळूच विचारलं. मी छातीठोकपणे सांगितलं की माझ्याखेरीज कुणी नाही, आणि माझे केस तर काळे आहेत. तेव्हा दारातला पहारेकरी खाकरला. म्हणाला, "मॅडम, पुढून काळेच आहेत. मागून सगळे पांढरे झालेत. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

घरी येऊन दोन आरसे समोरासमोर धरले. खरंच गं. रोज आरशात दिसतं ते पुढचं डोकं. मागचं सांगायला घरात दुसरं माणूस लागतं. आधी खूप हसले. मग आरसे तसेच मांडीवर घेऊन बसले आणि रडले, तुझ्यापासून काय लपवायचं.

असो. शुक्रवारी उद्घाटन आहे. प्रत्येकाला घरच्या माणसासाठी एक खुर्ची मिळणार आहे. तू मुळीच येऊ नकोस. प्रवास लांबचा, त्यात तुझा गुडघा, आणि रेशीम विटू नये म्हणून दिवे इतके मंद की चित्र राहू दे, बसायची खुर्चीसुद्धा दिसायची नाही. माझं इथे उत्तम चाललं आहे.

तुझी धाकटी
(अहवालातली म्हातारी)

ता. क. भाऊजींना केसाचं सांगू नकोस. हसतील, आणि खोकला वाढेल.

आणखी एक. फलक कोरून आला. 'हे काम करणाऱ्यांत एक एकाकी वृद्धा असावी' ही ओळ तशीच राहणार आहे. व्यवस्थापक म्हणाले, तशी ती चुकीची नाही. मला राग यायला हवा होता, आला नाही.

शेवटचं. शुक्रवारचं सोड, तू बुधवारी ये. बुधवारी दिवसभर कापड टेबलावर पालथं असेल. गुरुवारी ते भिंतीवर चढलं की माझी दोन वर्षं कायमची भिंतीकडे तोंड करून राहतील. लहानपणी मी रुमाल भरून आणला की तू समोरची फुलं बघायचीच नाहीस. उलटा करायचीस, आणि गाठ दिसली की सगळं उसवायला लावायचीस. फार राग यायचा तुझा. या वेळी एकही गाठ नाही, ताई. तरी तू बघून सांग. टाका वाकडा निघाला तर उसवीन, संध्याकाळपर्यंत वेळ आहे. स्टेशनवर मी येईनच. गर्दीत पाठमोरी असले तर तू मला ओळखायची नाहीस, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. पांढरं डोकं दिसेल, ती मी.