माझ्या शवपेटीला पहिलं बक्षीस

धाकटा चुलतभाऊ देगाओ यास, लिनशीहून थोरल्या शौरनदादाचे भरभरून आशीर्वाद.

तुझं पोट आता कसं आहे? नानजिंगचं पाणी तुला मानवणार नाही हे तू निघालास तेव्हाच मी बजावलं होतं. तुझ्या बायकोचे गुडघे, मुलांचे अभ्यास, सगळं ठीक असेल असं धरून चालतो, कारण मला आज माझंच सांगायचं आहे. इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. माझा खोकला जसाच्या तसा आहे आणि माझी शवपेटी गेली.

चोरीला गेली असती तरी एक वेळ सोसलं असतं. तिला बक्षीस मिळालंय!

आपल्या गावाला क्वांगसाहेब नावाचं दुखणं जडलंय हे तुला ठाऊकच आहे. राजधानीत जाऊन मोठी परीक्षा पास झालेला माणूस, त्यानं घरी बसून कविता कराव्यात, बांबूची चित्रं काढावीत. तर यानं सूतगिरणी काढली. तिचा भोंगा पहाटे असा बोंबलतो की आमच्या कोंबड्यानं आरवणंच सोडून दिलंय. मग गावाची तटबंदी पाडून रस्ता केला. मग बाग काढली, तीही जिथे माझी बदकं पोहायची नेमकी तिथेच, आणि आता बदकांना तिथे बंदी! मग दवाखाना. तिथे जपानहून शिकून आलेला एक डॉक्टर सभ्य लोकांच्या छातीला नळी लावून आत काय चाललंय ते ऐकतो. या सगळ्यात मी गप्प राहिलो. (तुझी वहिनी म्हणते, मी एक दिवसही गप्प नव्हतो. तिचं मनावर घेऊ नकोस.) आणि आमचे चिरंजीव शाओजिंग याच साहेबांच्या सुधारणा मंडळाचे चिटणीस!

पेटी तू पाहिली आहेस. माझ्या साठीला शाओजिंगनंच आणून दिली होती, तेव्हा तो शहाणा होता. दर शरदात मी तिला लाखेचा एक हात देत आलो. आता तिच्यात बघून दाढी करावी इतकी ती चकचकीत झाली होती. म्हाताऱ्या माणसाला दुसरं काय हवं असतं रे? उद्या डोळे मिटले तर आडवं व्हायला आपली हक्काची जागा असावी, एवढंच. घरात अडचण, म्हणून युद्धदेवाच्या देवळातल्या बाजूच्या खोलीत ती ठेवली होती. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या पेट्या तिथेच असतात आणि आजवर देवानं कधी तक्रार केलेली नाही.

तर मंडळानं ते देऊळच घेतलं. का, तर गावात होणाऱ्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायला! मी तिरीमिरीत पेटी आणायला गेलो, तर दारावरचा शिपाई म्हणतो, "आजोबा, आधी तिकीट काढा." माझीच पेटी बघायला मला तिकीट! आत गेलो तर पेटी मधोमध मांडलेली, भोवती दोरी, वर शाओजिंगच्या अक्षरातली चिठ्ठी: 'लाखकामाचा उत्कृष्ट नमुना. हात लावू नये.' मी हात लावला. मला दंड झाला. बायाबापड्या पोरांना उचलून उचलून माझी शेवटची जागा दाखवत होत्या. कहर म्हणजे पेटीला पहिलं बक्षीस जाहीर करताना क्वांगसाहेबांनी भाषणात सांगितलं, "ही पेटी बघून मरणाची भीतीच उरत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मला साहेब म्हणतात कसे, "बियानआजोबा, तुम्ही गावाचं नाव काढलंत!" मी काढलं? अजून मी मेलोसुद्धा नाही!

आणि गेल्या आठवड्यात पेटी गवतात बांधून होडीनं तुमच्याकडच्या मोठ्या प्रदर्शनाला रवाना झाली. मला विचारलंसुद्धा नाही. शाओजिंगला जाब विचारला तर म्हणतो, "बाबा, तुम्हाला इतक्यात कशाला लागतेय?" बापाशी असं बोलतात? हा असला खोकला घेऊन मी काय आता चटईत गुंडाळून जायचं?

इथेच थांबतो. तब्येतीला जप.

तुझा थोरला भाऊ,
बियान शौरन

ता. क. खरं काम सांगायचं राहिलंच. प्रदर्शनात जाऊन पेटी बघून ये. खिडकीजवळ ठेवली असेल तर भांड आणि हलवायला लाव, उन्हानं लाख तडकते. दरवाज्याजवळ, येणाऱ्यांच्या नजरेत भरेल अशी असावी. आणि शेजारच्या होऊची पेटीही तिकडे पोचली आहे का, तेही बघ. तिला बक्षीस मिळालं असेल तर मला कळवू नकोस.

ता. क. दुसरा. पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. पेटी आता साता समुद्रापारच्या प्रदर्शनाला पाठवायची म्हणून शाओजिंग मंडळाचा कागद घेऊन आला. मी सही केली. गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे. पण ती कधी परत येईल याचा नेम नाही, म्हणजे तोवर मला मरायची सोय उरली नाही. म्हणून आज नाइलाजानं त्या नळीवाल्या डॉक्टरकडे गेलो. तर तो म्हणाला, "आलात एकदाचे! शाओजिंग वर्षभर रोज विचारून जातोय, बाबा आले का म्हणून." आता तूच सांग देगाओ, असल्या कार्ट्याला काय करावं?