संगणक आता आपोआप सुरू होईल

आबा,

रताळ्याची पेज झाकून ठेवली आहे. मी सकाळच्या गाडीनं तैपेईला नव्या नोकरीसाठी निघाले.

संगणकाचा पडदा आता काळा पडणार नाही. रोज सुरू करताना मी जो शब्द टाइप करायचे, तो तेवढ्या वेळेपुरताच टिकायचा. आज तो लिनक्सच्या बूट सेटिंगच्या फाइलीत लिहून ग्रब, म्हणजे संगणक सुरू करून देणारा प्रोग्रॅम, अपडेट केला, दोनदा बंद-चालू करून पाहिलं. तुमच्या बाहुल्यांच्या खेळाचे संवाद खुशाल लिहायला बसा.

"तुझं यंत्र तुझ्याच वळणाचं, रोज नव्यानं समजवायचं," म्हणायचात. खरं तर हे दोन वर्षांपूर्वीच करता आलं असतं. पण आई गेल्यापासून तुम्ही मला हाक मारायचात ती तेवढ्यासाठीच.

काही बिघडलं नाही तरी फोन करा.

सू-फेन