चोर अजून ठरलेला नाही

२ मार्च, रविवार

आजपासून लेखक.

मृण्मयी पुण्याच्या एका स्टुडिओसाठी घरबसल्या अॅनिमेशनचं काम करते. (नातेवाइकांत अजून 'कार्टून काढते' असंच म्हणतात.) त्यांना लहान मुलांसाठी मराठी डिटेक्टिव्ह मालिका हवी आहे. पात्रं सगळी प्राणी, पण रहस्यकथेत नेहमी भेटतात तशी. हुशार डिटेक्टिव्ह, त्याचा भोळा डॉक्टर मित्र, श्रीमंत विधवा, रिटायर्ड कर्नल, बटलर वगैरे. पहिल्या भागाची गोष्ट पाडव्यापर्यंत पाठवायची. गुरुवारी जेवताना तिनं हे सांगितल्यावर मी म्हणालो, झालं समज. ती म्हणाली, बाबा, मी आईला सांगत होते.

विषय माझाच आहे. शाळेत असल्यापासून शहागंजातल्या रद्दीवाल्याकडून रहस्यकथा आणून वाचतोय. निम्मं पुस्तक व्हायच्या आत खुनी ओळखतो. शेवटी भलताच कुणी निघाला तर तो लेखकाचा दोष.

शुक्रवारी ऑफिसात महिन्याभराच्या रजेचा अर्ज टाकला. कारण : साहित्यनिर्मिती. साहेबांनी ते खोडून 'घरगुती' केलं.

हेतू एकच. पडद्यावर 'कथा, पटकथा, संवाद : श्रीरंग सोनपेठकर'. याच क्रमानं. जन्मभर विमा कंपनीत परिपत्रकं लिहिली, त्यातलं एकही मृण्मयीनं वाचलेलं नाही. याचं मला वाईट वाटतं. इथं तरी वाचावं लागेल.

४ मार्च

संकल्प : रोज पहाटे पाचला उठून नऊपर्यंत लेखन. आज सव्वासातला उठलो. उद्यापासून.

पात्रं मात्र ठरली. डिटेक्टिव्ह मुंगूस. डॉक्टर कासव. विधवा म्हणजे पर्शियन मांजर, मनकर्णाबाई. कर्नल कोंबडा. बटलर बगळा.

मृण्मयी म्हणाली, इन्स्पेक्टर राहिला. अशा गोष्टींत एक पोलीस इन्स्पेक्टर असतोच, तो दर वेळी चुकीच्या माणसाला पकडतो. किरकोळ पात्र. म्हटलं, रेडा टाक. तो कसा वागेल, असं तिनं विचारलं. मी उठून करूनच दाखवलं. पोट पुढे, हात मागे, चहा बशीतून, आणि वाक्यावाक्याला 'केस सरळ आहे'. म्हटलं, लिहून घे, तो मूर्ख आहे हे त्याला सोडून सगळ्या जगाला माहीत असतं, गंमत त्यात आहे. मृण्मयी माझ्याकडे बघत भराभर चित्रं काढत होती. इतकं लक्ष देऊन तिनं माझं पूर्वी कधी ऐकलेलं नाही.

७ मार्च, सकाळी

आज आठ दिवसांनी नळाला पाणी. म्हणजे लेखन बंद. जुनं पाणी कुंड्यांना घाला, ड्रम घासा, पाईप लावा, मोटर लावा. आमचा अख्खा गारखेडा भाग आज घरात. बायकोनं, म्हणजे कालिंदीनं, मला गच्चीवर टाकीपाशी उभं केलं. टाकी भरली की ओरडायचं, एवढंच काम. मी कथानकात शिरलो आणि टाकी वाहू लागली. खालून तात्यासाहेब ओरडले.

तात्यासाहेब म्हणजे खालच्या फ्लॅटमधले. सिल्लोडकडचे मोठे शेतकरी, मका आणि कापूस. नात संस्कृती इथं शाळेत आहे म्हणून इथं राहतात. म्हणाले, सोनपेठकर, लई पानी वाया घालवलं राव, ध्यान कुठं असतं तुमचं. ध्यान कुठं असतं हे पडद्यावर कळेलच.

९ मार्च

मृण्मयी म्हणते खून चालणार नाही. प्रेक्षक सहा ते दहा वयोगटातले. मी अर्धा तास बाजू मांडली. ती ऐकून घेऊन म्हणाली, बाबा, चोरी.

ठीक आहे. मनकर्णाबाईंची चांदीची दुधाची वाटी चोरीला जाते. चोर नंतर ठरवू. आधी वातावरण. धुकं, टेकडीवर बंगला, भिंतीवरचं घड्याळ टोले देतंय. चार पानं धुकंच झालं. चांगलं जमलंय.

१२ मार्च

तात्यासाहेबांच्या घरी पहिलं जाहीर वाचन. श्रोते दोन. तात्यासाहेब धुक्यात झोपले. संस्कृती (इयत्ता तिसरी) दुसऱ्या पानावर म्हणाली, चोर बगळा. कशावरून? तर त्याला गोष्टीत दुसरं काही कामच नाही. तात्यासाहेब जागे होऊन म्हणाले, लिव्हलंय लई भारी, पन चोर त्यो बगळाच हाय, व्हय ना?

मुलीला आधीच कुणीतरी सांगितलेलं असणार. चोर बदलला. आता कासव. डॉक्टरवर कुणाचा संशय जात नाही.

१४ मार्च

संस्कृती म्हणाली, कासव. कारण मागच्या वेळी ते गरीब होतं आणि आज उगाचच गोड बोलतंय.

चोर बदलला. खुद्द मनकर्णाबाई.

१५ मार्च

ओळखलं. आता मुंगूस आणि रेडा सोडले तर सगळे एकेकदा चोरून झाले आहेत. कोंबड्याचा नंबर दुपारीच लागून गेला. हल्लीच्या मुलांना मोबाईलमुळे एकाग्रता राहिलेली नाही.

१६ मार्च, रविवार

कालिंदी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. सध्या बारावीचे पेपर तपासतेय. मी चोराच्या अडचणीबद्दल मोठ्यानं विचार करत असताना तिनं मान वर न करता सल्ला दिला. म्हणाली, अहो, चोरी पाण्याच्या दिवशी ठेवा. त्या सकाळी जो तो आपल्या ड्रमपाशी असतो. नंतर बघायला गेलं तर सगळ्यांचे ड्रम भरलेले. पण एकाच्या ड्रमात जुनंच पाणी, वर पान तरंगतंय. म्हणजे त्यानं ड्रम रिकामा केला नाही, घासला नाही, कारण तो त्या वेळी घरी नव्हताच. तोच चोर.

मला हसू आवरेना. तिला समजावून सांगितलं की रहस्यकथा ही आंतरराष्ट्रीय गोष्ट आहे. तिथं घड्याळाचे टोले लागतात, ड्रम आणि पाईप नाही. कालिंदी म्हणाली, बरं. आणि पुढचा पेपर घेतला.

मृण्मयीनं काम थांबवून आईकडे बघितलं. आईची लाज वाटली असावी.

१८ मार्च

घरात काहीतरी शिजतंय. मी खोलीत गेलो की लॅपटॉप मिटतो. मायलेकी स्वयंपाकघरात हसतात, मी पाणी प्यायला गेलो की गप्प. मृण्मयीला शंतनू नावाच्या कुणाचे सारखे फोन. काल दाराआडून ऐकू आलं (योगायोगानं तिथं उभा होतो). ती म्हणत होती, रेडा सगळ्यांना आवडला, पण बाबांना कसं सांगायचं.

आयुष्यभराचं वाचन अशा वेळी उपयोगी पडतं. शांतपणे बसून धागे जुळवले. मुलीचं जमलंय. मुलगा शंतनू. अंगानं आडवा आणि सावळा, म्हणून मैत्रिणी त्याला रेडा म्हणतात. आईला पसंत आहे. फक्त माझी भीती.

केस सरळ आहे.

१९ मार्च

कालिंदीला एवढंच म्हणालो की मला सगळं कळलंय. तिच्या हातातला लाल पेन खाली पडला. कधीपासून, असं विचारलं. म्हटलं, पहिल्या दिवसापासून. माझी हरकत नाही, मी जुन्या विचारांचा नाही, फक्त शंतनूनं समोर येऊन रीतसर बोलावं. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, तुम्ही हे इतकं मोठ्या मनानं घ्याल असं वाटलं नव्हतं. शनिवारी बोलावते.

मोठं मन आहेच. कुणी बघत नाही.

२२ मार्च, शनिवार

शंतनू आला. आडवा नाही. काडी आहे. तरी निरीक्षण चालू ठेवलं. पोहे झाल्यावर विचारलं, स्वतःचं घर आहे का, घरी कोण कोण असतं. म्हणाला, भाड्याचं आहे सर, बायको आणि दोन वर्षांचा मुलगा.

मी उभा राहिलो. म्हटलं, लग्न झालेलं असताना माझ्या घरात पोहे खायला लाज कशी वाटत नाही.

पुढचं थोडक्यात. शंतनू स्टुडिओचा दिग्दर्शक आहे. मालिकेची गोष्ट पसंत झाल्याचं सांगायला आला होता. गोष्ट कालिंदी आणि मृण्मयीची. दोघींनी मिळून लिहून मंगळवारीच पाठवलेली. चोरी पाण्याच्या दिवशी होते. रेडा म्हणजे इन्स्पेक्टर.

कालिंदीनं विचारलं, मग तुम्हाला नक्की काय कळलं होतं? मी माझी सगळी अनुमानं क्रमानं सांगितली. मृण्मयी टेबलावर डोकं ठेवून हसत राहिली. शंतनू मात्र गंभीरपणे ऐकत होता. म्हणाला, सर, हे परत एकदा सांगाल का, आणि मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू केलं. एक तरी माणूस घरात आला ज्याला तर्काची कदर आहे.

२३ मार्च

कुणाशी बोललो नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, पाणी आलं होतं.

संध्याकाळी मृण्मयीनं रेड्याची चित्रं दाखवली. पोट पुढे, हात मागे, बशीत चहा. दर वेळी चुकीच्या प्राण्याला बेड्या घालतो, आणि खरा चोर सापडला की म्हणतो, मला त्याचा संशय आधीपासून होताच. मी स्पष्ट मत दिलं. पात्र फार भडक झालंय, असा माणूस प्रत्यक्षात असूच शकत नाही. दोघी जमिनीकडे बघत होत्या. टीका पचवायला वेळ लागतो.

रात्री जेवलो नाही. दूध घेतलं. खरं सांगायचं तर फार लागलंय. त्या दोघींचं नाव येणार, 'कथा, पटकथा, संवाद', याच क्रमानं. मी घरात असताना लिहिलं, मला एका शब्दानं विचारलं नाही. मी वाचून दाखवत होतो तेव्हा ऐकताना माना हलवत होत्या.

२६ मार्च

नवीन संकल्प. स्वतःची स्वतंत्र मालिका. पात्रं सगळी कीटक. डिटेक्टिव्ह मुंगळा. पाचला उठणार.

२७ मार्च

कीटकांची चित्रं कोण काढणार हा प्रश्न आहे.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारताना मृण्मयीनं विषय काढला. रेड्याच्या आवाजासाठी पुण्यात तीन नट ऐकले. तिघेही मूर्ख माणसाचं सोंग आणतात, जमत नाही. बाबा, तुम्ही कराल का? मी तांब्या पालथा घालत म्हणालो, विचार करून सांगतो. ती म्हणाली, हे चेष्टेनं विचारत नाहीये. लहानपणी तुम्ही मला रहस्यकथा वाचून दाखवायचात, मध्येच पुस्तक मिटून खुनी कोण ते सांगायचात आणि दर वेळी चुकायचात. मी त्यासाठी जागी राहायचे. मला या गोष्टी तिथून आवडायला लागल्या.

थोडक्यात, मुळं माझ्याकडेच जातात. ती हे बोलताना मला दोनदा खाकरावं लागलं. सकाळी चाखलेलं श्रीखंड फ्रीजमधलं होतं.

होकार दिला. कलावंतानं मानापमान धरून बसू नये.

१२ एप्रिल, पुणे

रेकॉर्डिंग. काचेच्या खोलीत एकटा मी. पूर्ण संहिता दिली होती, ती घेतली नाही. दुसऱ्यांचं लिखाण वाचलं की माझी शैली बिघडते. फक्त रेड्याची वाक्यं उतरवून घेतली.

पात्रात खोली यावी म्हणून मी थोडा अभिनय केला. शंतनू म्हणाला, सर, अभिनय नको, घरी बोलता तसं बोला. मग सगळं एका झटक्यात ओके झालं. शेवटी मी एक सूचना केली. रेड्यालाही मान असतो. एका भागात तरी त्यानं बरोबर चोर पकडावा. काचेपलीकडे सगळ्यांनी शंतनूकडे पाहिलं. शंतनू म्हणाला, सर, मग तो रेडा राहणार नाही. त्यांची दृष्टी मर्यादित आहे.

४ मे, रविवार

पहिला भाग तयार. रंग अजून पूर्ण भरलेले नाहीत, पण मृण्मयीनं घरच्या टीव्हीवर लावला. तात्यासाहेब सहकुटुंब आले. संस्कृती सगळ्यात पुढे मांडी घालून.

नावं सुरू झाली. कालिंदी सोनपेठकर, मृण्मयी सोनपेठकर. मी पदर सावरणाऱ्या कालिंदीकडे पाहिलं नाही. शेवटून दुसरी ओळ : 'इन्स्पेक्टर रेड्याचा आवाज : श्रीरंग सोनपेठकर'. तात्यासाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, आवाज तर तुमचा हायच, पन चित्र बी तुमचंच काढलंय की हो पोरीनं. लेकीनं नाव राखलं. मी म्हटलं, चित्र रेड्याचं आहे. ते म्हणाले, व्हय, तेच म्हनतोय.

गोष्ट बरी आहे. धुकं अजिबात नाही. रेड्यानं बगळ्याला बेड्या घातल्या तेव्हा संस्कृती लोळून हसली. मीही हसलो. इतका ढिम्म माणूस मी पाहिलेला नाही.

मग मुंगूस सगळ्यांना अंगणात बोलावतो. चार ड्रम ओळीनं. तिथं मृण्मयीनं रिमोट दाबून चित्र थांबवलं आणि मागे वळून मला विचारलं, बाबा, चोर कोण? लहानपणी विचारायची तसंच. खोलीत सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. कालिंदीसुद्धा, आणि तिनं तोंडावर हात धरला होता.

मी हातातली बशी खाली ठेवली. ड्रम नीट पाहिले. चारही भरलेले, कोंबड्याच्या ड्रमात एक पिवळं पान होतं, त्यामुळे चित्राला शोभा आली होती. म्हटलं, बगळा. केस सरळ आहे.

मृण्मयी इतकी हसली की डोळे पुसायला लागली. संस्कृती ओरडली, काका, कोंबडा, पान बघा ना.

रिमोट पुन्हा दाबला. कोंबडा निघाला.

मला त्याचा संशय आधीपासून होताच.