किती तास झाले?

कोपर, डोंबिवली पश्चिम
गुरुवार, ११ डिसेंबर २०२५

प्रिय रत्नदीपदादा,
सप्रेम जय भीम.

माझा नंबर तू ब्लॉक केलायस, म्हणून पत्र. कोळसेवाडीचा पत्ता आपल्या आत्याच्या संचिताने दिला. तिला ओरडू नकोस, मीच मागे लागलेले.

आम्ही सगळे ठीक. माझी पायल दुसरीला गेली. मी दोन वर्षं मानपाड्याच्या एका नर्सिंग होममध्ये साफसफाईला आहे. आता खरं लिहिते. बारा सप्टेंबरला कचऱ्याची पिशवी बांधताना हाताला सुई टोचली. सुया वेगळ्या डब्यात टाकायच्या असतात. कुणीतरी पिशवीतच टाकलेली. कुणाला वापरलेली, कळायला मार्ग नाही. सिस्टरने हात साबणाने धुवायला लावला आणि लगेच सरकारी दवाखान्यात पाठवलं.

तिथल्या समुपदेशक आसावरी मॅडमनी पहिलं काय विचारलं, सांगू? "किती तास झाले?"

बस, एवढंच. मी तर ‘कुठून आणलंस’ याचं उत्तर तयार करून गेलेले.

बहात्तर तासांच्या आत एचआयव्ही टाळायचं औषध सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. मला दीड तासात मिळालं. अठ्ठावीस दिवस गोळ्या. मळमळायचं, पण एकही चुकवली नाही. मॅडम म्हणाल्या, सुई लागण झालेल्या माणसाची असली आणि औषध घेतलं नाही, तरी हजारात साधारण तिघांनाच होतं. मला वाटलेलं, टोचलं की झालंच! घरात नवराबायकोने काय सांभाळायचं तेही सांगितलं. ते तुला लिहीत नाही.

त्याच दिवशी रक्त तपासलं. निगेटिव्ह. मी म्हटलं, "म्हणजे सुटले ना मॅडम?"

"अगं, ही टेस्ट आजच्या सुईचं काही सांगतच नाही," त्या म्हणाल्या. "विषाणू आत शिरला तरी रक्तात त्याची खूण दिसायला काही आठवडे लागतात. तोवर कागदावर निगेटिव्हच येणार. सहा आठवड्यांनी ये, मग तीन महिन्यांनी."

दादा, मी परत विचारलं. "म्हणजे आज निगेटिव्ह, तीन महिन्यांनी पॉझिटिव्ह, आणि माणूस खोटं बोललेला नाही, असं होतं?"

"होतं की. पहिली टेस्ट लवकर केली तर होतं."

 सहा वर्षांपूर्वी तू दोन कागद आणलेलेस. पहिला निगेटिव्ह, आपण सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडलेला. तीन महिन्यांनी दुसरा, पॉझिटिव्ह. आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, "पहिला कागद खोटा होता, फसवलंस आम्हाला!" तू समजावत होतास. मी पायलला तुझ्या मांडीवरून ओढून घेतली.

दोन्ही कागद खरे होते रे.

आणि मांडीवर बसून, एका ताटात जेवून काही होत नाही, हे तर तेव्हाही भिंतीवर लिहिलेलं असायचं. ते मला माहीत होतं. तरीही मी ओढून घेतली. त्याला न कळण्याचं कारण देता येत नाही.

आता किती विचारायचंय तुला. पहिली टेस्ट कितव्या दिवशी केलेलीस? पुन्हा करायला कुणी सांगितलेलं का, की एकटाच वाट बघत बसलेलास? मॅडम म्हणाल्या, औषध रोज घेऊन विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की जोडीदारालाही लागण होत नाही. तुझं तसं झालंय का? असं विचारतात का कुणाला?

सहा आठवड्यांची निगेटिव्ह आली. शेवटची उद्या आहे. रिपोर्ट बघून लिहिलं तर त्यात भीती किंवा आनंद मिसळेल, म्हणून आजच लिहिलं.

शुक्रवार, दुपार
निगेटिव्ह. आता पुन्हा करायची गरज नाही म्हणाल्या. वरचा एकही शब्द बदलत नाही.

रविवारी अकरा वाजता येते, एकटीच. दार उघडावंसं वाटलं नाही तर नको उघडूस. जिन्यात थोडी बसेन आणि जाईन. पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

तू म्हणू देशील तर, तुझी बहीण,
वैशाली