खाचेची दांडी

दि. ९ डिसेंबर

प्रिय धाकट्या,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या लाकडी शिल्पांचं कौतुक पेपरात वाचलं. शेजारीण म्हणाली, "यात नक्की काय आहे हो?" मी म्हटलं, "विचारायचं नसतं, मान डोलवायची असते."

तुझा नियम आवडला: लाकूड विकत घ्यायचं नाही, लोकांनी टाकलेलं उचलायचं, न कापता तसंच जोडायचं. आपल्या जिन्याच्या कठड्याची दांडी मात्र कुणी टाकली नव्हती रे. खिळखिळी झाली म्हणून सुतार येईपर्यंत दाराबाहेर उभी केली होती. तू दारापर्यंत आलास, दांडी उचललीस, बेल काही वाजवली नाहीस. मी उगाच भंगारवाल्याच्या नावाने बोटं मोडत बसले.

प्रदर्शनाला आम्ही न कळवताच आलो. बाबांचा हट्ट. डोळे गेले तरी लेकाचं काम हाताने बघायचं होतं. तुझ्या त्या 'अनंत' नावाच्या शिल्पावर हात फिरवताना त्यांना खाच लागली. शेवटची पायरी कळावी म्हणून त्यांनी स्वतः पाडलेली. "अगं, ही तर आपली दांडी!" म्हणाले आणि सवयीने पायरी उतरायला पाय टाकला. तिथे कुठली पायरी? गुळगुळीत फरशीवर धाडकन कोसळले.

पाहुण्यांच्या घोळक्यातून तुझा आवाज आला, "कोण हा म्हातारा? हात कसा लावू दिलात? बाहेर काढा याला." मला बघून मान फिरवलीस, तेही दिसलं.

दवाखान्यात नेताना बाबांनी विचारलं, "आपलाच होता का गं तो?" इतक्या वर्षांत तुझा फोन नाही, त्यांना खात्री नव्हती. मी म्हटलं, "छे! तो हॉलचा मॅनेजर. तुमचा लेक बाहेरगावी गेलाय." त्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणाले, "तरीच. आपला असता तर धावत आला असता."

खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात, आता अंथरुणातून उठणं नाही. दिवसभर दाराकडे कान लावून तुझी वाट बघतात.

तेव्हा ये, जरूर ये. उशाशी बस, हात धर, हवं तर रड. तोंडातून मात्र शब्द काढू नकोस. तो आवाज त्यांच्या चांगला लक्षात आहे.

अजून तरी तुझी,
ताई