पाहण्यालायक वेबसाइट आणि न आलेले पाहुणे

१९ ऑक्टोबर, गुरुवार

इतिहासाने नोंद घ्यावी म्हणून लिहून ठेवतो: आज सकाळी माझ्या अभ्यासिकेत कोबीचं पिंप आलं. आलं म्हणजे बायकोने, रादोय्काने, लोटत आणलं. तिचं म्हणणं, घरात थंड खोली ही एकच, आणि कोबी आंबायला थंडावा लागतो. विचार करायलाही लागतो, हे मी तिच्या निदर्शनास आणून दिलं. ती म्हणाली, तुझे विचार हिवाळाभर कोणी खाणार आहे का?

पिंपाच्या झाकणावर धोंडा. जागा नसल्यामुळे धोंड्यावर माझा स्कॅनर. एका सांस्कृतिक अधिकाऱ्याच्या वाट्याला हे यावं!

निषेध म्हणून दुपारचं सूप घेतलं नाही. संध्याकाळी घेतलं. सुपाचा त्यात काय दोष.

२३ ऑक्टोबर, सोमवार

साप्ताहिकाच्या ग्वोझ्देनचा फोन. संपादकाला अखेर माझी आठवण झाली. एक अख्खं पान देतोय: ‘पाहण्यालायक वेबसाइट’. फोटोग्राफी, प्रवास आणि आपला परिसर, असे तीन विभाग. हल्ली घरोघरी इंटरनेट आलंय, पण जायचं कुठे हे लोकांना कळत नाही म्हणे. त्यांना वाट दाखवायची.

शब्दकोडंवाला मुलीकडे माल्टाला गेलाय आणि पान रिकामं पडलंय, असंही तो बोलता बोलता म्हणाला. त्याचा इथे संबंध नाही.

संकल्प: संपूर्ण निःपक्षपातीपणा. नातेवाईक नाही, मित्र नाही, कूम नाही.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

यादी तयार.

फोटोग्राफी: एका पोलिश गृहस्थाची साइट, त्यात फक्त दारांच्या कड्या. खोल आहे. मला अजून कळलेली नाही, म्हणून पहिला क्रमांक.

प्रवास: ल्युब्लियानाची एक बाई जगभर फिरते आणि फक्त रेल्वे स्टेशनांवर झोपते. लिहिते छान. चिडचिडी वाटते, पण झोप होत नसेल.

परिसर: ‘आपलं गाव: एक चिंतन’. ही माझीच. स्वतःची साइट स्वतः सुचवणं बरं दिसलं नसतं, म्हणून शिफारशीखाली ‘एक जाणकार’ अशी सही केली. संकल्प मोडला असं मला वाटत नाही. माणूस स्वतःचा नातेवाईक नसतो.

राहिला प्रश्न तिहोमिरच्या साइटचा. तिहोमिर माझा कूम. लग्नात साक्षीदार म्हणून माझ्या शेजारी तो उभा राहिला, आमच्या मुलीचं, नेवेनाचं, नाव त्यानेच ठेवलं. भाऊ एक वेळ दूर जाईल, कूम नाही, असं नातं. पण साइट! हा जनावरांचा डॉक्टर रोज सकाळी कोणाची तरी गाय तपासायला निघतो, पुलावर थांबतो आणि मोरावाचा एक फोटो काढतो. रोज तोच पूल, तीच नदी. खाली तारीख आणि ‘पाणी जरा चढलंय’ किंवा ‘धुकं’. बस. गाईला दाखवला तर तीही तोंड फिरवेल.

त्याचं नाव घेतलं तर लोक म्हणणार, कूम म्हणून घेतलं. त्यापेक्षा विभागाच्या शेवटी एक वाक्य टाकलं: ‘याखेरीज आपल्या परिसरात उल्लेखनीय असं काही नाही.’ कोणाचंच नाव नाही. यापेक्षा सभ्य काय असणार?

३ नोव्हेंबर, शुक्रवार

छापून आलं. तीच यादी माझ्या साइटवरही टाकली. पानावर माझा फोटो, शेजारी ट्रॅक्टरच्या टायरची जाहिरात. टायर जास्त स्पष्ट आलाय.

कार्यालयात कोणी काही बोललं नाही. दबकले असावेत.

५ नोव्हेंबर, रविवार

बेकरीत तिहोमिर भेटला. म्हणाला, वाचलं रे कूमा. उल्लेखनीय काही नाही म्हणतोस. बरोबरच आहे, नदी तरी काय करणार, रोज आपली वाहते बिचारी. आणि हसला. मग म्हणाला, तो जाणकार कोण रे? भारी जाणकार दिसतोय, स्वल्पविरामसुद्धा तुझ्यासारखेच चुकवतो.

मीही हसलो. टीका किती खिलाडूपणे घ्यावी हे त्याच्याकडून शिकावं.

बुरेक अर्धा टाकून गेला. पोट बिघडलं असणार.

९ नोव्हेंबर, गुरुवार

रात्रभर डोक्यात एक कल्पना होती. २१ तारखेला आमची स्लावा, घराण्याच्या संताचा दिवस. दर वर्षी तेच वीसेक लोक येतात, तेच खातात आणि तेच विनोद सांगतात. सगळा बेशिस्त कारभार. कोण कधी येणार पत्ता नाही, खुर्च्या किती मांडायच्या पत्ता नाही. विसाव्या शतकात ठीक होतं.

यंदा आधुनिक पद्धतीने करायचं. साइटवर जाहीर निमंत्रण: ‘सर्व वाचकांनी अगत्य येण्याचे करावे.’ आणि नेहमीच्या मंडळींना ई-मेलने पत्रिका. कोपऱ्यात मेणबत्ती, ती हलते. खाली: ‘कृपया उपस्थिती पंधरा तारखेपर्यंत कळवावी.’

पाठवल्या. तिहोमिरला पहिली. त्याचं मन राखलं पाहिजे.

१२ नोव्हेंबर, रविवार

रादोय्काला कळलं. पिठाचे हात घेऊन अभ्यासिकेत आली आणि पिंपाला टेकून उभी राहिली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

म्हणाली, विदोसाव, तू लोकांना स्लावाचं आमंत्रण दिलंस?

मी म्हणालो, रंगीत.

ती म्हणाली, अरे, स्लावाला कोणी कोणाला बोलावतं का? तुझ्या बापाने कधी बोलावलं? आजोबाने? ज्याला घर आपलं वाटतं तो येतो. बोलावलंस म्हणजे तू सांगितलंस की बाबा रे, आजवर आलास ते ठीक, पण तू इथला नव्हेस. आता पत्र मिळालं तर ये, नाहीतर घरी बस. आणि कूमाला? कूमाला तू विचारलंस, येतोस का?

मी तिला शांतपणे समजावलं की जग बदलतंय. ती म्हणाली, जग बदलू दे, तू फोन लाव आणि माफी माग.

लावणार होतो. पण माफी कशाची हे नक्की ठरेना, आणि कारणाशिवाय माफी मागणं अप्रामाणिकपणाचं ठरलं असतं.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

उपस्थिती कळवण्याची मुदत काल संपली. कोणी कळवलं नाही. सगळेच येताहेत असा अर्थ काढला. डुकराचं पिल्लू मोठं सांगितलं.

२० नोव्हेंबर, सोमवार

उद्याची तयारी चोख. वाचकांची गर्दी होणार, तेव्हा शिस्त हवी. फाटकावर कागद लावला: ‘स्वागत. आत येण्यापूर्वी कृपया नाव सांगावे.’ छातीवर लावायच्या चिठ्ठ्याही केल्या. रादोय्काने त्या चुलीत टाकल्या. कागदाचं तिला अजून कळलेलं नाही.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी ९. मेणबत्ती लावली. पाद्री येऊन स्लावाचा पाव कापून गेला. घाईत होता, गावात आज आमच्याच संताची बरीच घरं. वाईनही उभ्यानेच घेतली. जाताना म्हणाला, फाटकावर काय लावलंयस रे? घर विकतोयस का?

दुपारी १. अजून कोणी नाही. धुकं आहे, गाड्या सावकाश येत असणार.

दुपारी ३. पहिला पाहुणा! क्रागुयेवात्सहून आलाय, माझ्या साइटचा वाचक. नाव विचारून घेतलं. कोबीच्या पानांत गुंडाळलेले सारमे खाल्ले, भाजलेलं डुक्कर खाल्लं, पुन्हा सारमे. मग विचारलं, साहेब, तुमची साइट कोणत्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे? आमच्याकडे आणा, पहिलं वर्ष अर्ध्या दरात. तीन माहितीपत्रकं ठेवून गेला.

संध्याकाळी ६. टेबलावर वीस ताटं. रादोय्का एकेक उचलून कपाटात ठेवतेय. मी म्हणालो, थांब, कूम उशिरा येतो दर वर्षी. ती म्हणाली, कूम दर वर्षी सगळ्यांच्या आधी येतो. सकाळी, कॉफीला. चोवीस वर्षं तुला ते दिसलं नाही?

संध्याकाळी ७. मेणबत्ती रीतीप्रमाणे वाईनने विझवली.

धुकंच कारणीभूत. पुढल्या वर्षी तारीख बदलता येते का, बघायला हवं.

२२ नोव्हेंबर, बुधवार

ऑस्ट्रियातल्या ग्राझहून नेवेनाचा फोन. नर्सच्या कामातून काल सुट्टी मिळाली नाही म्हणून आज केला. विचारलं, बाबा, कशी झाली स्लावा?

मी म्हणालो, उत्तम, पाय ठेवायला जागा नव्हती. तिने विचारलं, आणि कूम? म्हणालो, आला की, जेवला, गायला. तुझी आठवण काढली.

ती म्हणाली, बाबा, मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी त्याची नदी बघते. इथे आपल्याकडचे सगळेच बघतात. आमच्या वॉर्डातली एक बाई तर पुलाखालची बापाची होडी दिसतेय का, ते शोधत बसते. काल नदी नव्हती. काल आपलं फाटक होतं. समोरच्या फुटपाथवरून काढलेला फोटो. फाटक बंद, वर कसला तरी कागद. खाली फक्त तारीख. तो आत आला नाही ना?

लाइन खराब आहे असं म्हणालो आणि ठेवला.

साइट उघडून पाहिलं. फोटो सकाळचा आहे. उजेड नीट आलेला नाही. कागदावरची अक्षरं मात्र वाचता येतात.

नवा कोट घातलेला असणार. स्लावाला तो नवा कोट घालतो.

२६ नोव्हेंबर, रविवार

कागद काढला. पावसाने फाटला होता, म्हणून.

संकल्प: तिहोमिरला सविस्तर पत्र लिहायचं. गैरसमजांची पार्श्वभूमी, आधुनिकतेचा प्रश्न आणि शेवटी झाल्या प्रकाराबद्दल दोन्ही बाजूंकडून खेद.

पार्श्वभूमी लिहून झाली. चार पानं झाली. रादोय्काने वाचली आणि म्हणाली, यात तू कुठे आहेस?

३ डिसेंबर, रविवार

मन रमवायला साइटची आकडेवारी पाहिली. वाचक येतात कुठून, हे दाखवणारी सोय आहे. आजवर वापरली नव्हती. लोक माझी कीर्ती ऐकून येतात असं गृहीत धरलं होतं.

साप्ताहिकातून कोणी नाही. पोलिश कड्यांवरूनही नाही. जवळपास सगळे एकाच ठिकाणाहून येतात: तिहोमिरच्या साइटवरून.

गेलो. नदीच्या फोटोखाली, अगदी तळाशी, बारीक अक्षरात एक ओळ आहे. मी तिथवर कधी उतरलो नव्हतो. ‘माझा कूम विदोसाव यालाही भेटा. फार हुशार माणूस आहे.’

तो खरंच तसं समजतो, की चेष्टा करतो? दोन तास विचार केला. त्याला चेष्टा करायची असती तर ती मोठ्या अक्षरात केली असती.

भेटायला आलेले बहुतेक जण लगेच परततात, असंही आकडे सांगतात. नदीकडेच परतत असणार.

१० डिसेंबर, रविवार

ग्वोझ्देनला फोन केला. यादीत एक दुरुस्ती छापायची आहे म्हणालो, परिसर विभागात एक नाव राहिलं. तो म्हणाला, कसली यादी? मी आठवण करून दिली. म्हणाला, हां हां, ती! अरे, शब्दकोडंवाला आलाय परत, लोकांनी डोकं खाल्लं होतं माझं कोड्यासाठी.

१५ डिसेंबर, शुक्रवार

मंगळवारी तिहोमिरकडे स्लावा, संत निकोला. सकाळपासून मेल तपासतोय. त्याचं काही आलेलं नाही.

रादोय्काला सांगितलं. ती इस्त्री करत होती. इस्त्री खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा उचलली.

लिहिल्यावर माझ्याही लक्षात आलं की मी काय तपासतोय.

१८ डिसेंबर, सोमवार

न जाण्याची कारणं: सर्दी. धुकं. त्याला नको असलो तर. लोकांसमोर काही बोलला तर. बोललाच नाही तर.

रादोय्का म्हणाली, मी उद्या दहाला निघणार. एकटी गेले तर लोक विचारतील, मी खोटं बोलणार नाही. घरात खोटं बोलायला तू आहेस.

१९ डिसेंबर, मंगळवार

गेलो. दहाला नाही, आठला, एकटाच, कॉफीच्या वेळेला. वाईनची बाटली, कॉफी आणि चार संत्री घेतली, जशी नेतात तशी. त्याच्या फाटकासमोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभा होतो. कॅमेरा नेला नव्हता.

दार त्यानेच उघडलं. नवा कोट. मी म्हणालो, स्लावा सुखाची होवो, यजमान. आणि मग वाटेत तयार केलेलं भाषण सुरू केलं: कूमा, माझ्याकडून जे काही… तो म्हणाला, बूट काढ आधी, आत्ताच पुसलंय, बायको माझा जीव घेईल.

काढले. त्याच्या बायकोने शिजवलेला गोड गहू पुढे केला, मी चमचाभर घेतला. बसलो. आम्ही दोघंच होतो. एका गाईला जुळी झाली म्हणाला. मी म्हणालो, वा. उपासाचा दिवस, मांस चालत नाही, म्हणून स्वयंपाकघरात मासा तळायला पडला होता. थोड्या वेळाने त्याने विचारलं, नेवेना येतेय का नाताळला? म्हणालो, येतेय. एवढंच झालं.

मग एकेक करून सगळे आले. कोणालाच कोणी बोलावलं नव्हतं. दहाला रादोय्का आली, मला तिथे बघून तिने कोट काढला आणि सरळ ताटं मांडायला गेली. मी कोपऱ्यात होतो. कोणी माझ्या पानाबद्दल विचारलं नाही, मीही काढलं नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर साइट उघडली. परिसर विभागातून ‘एक चिंतन’ आणि जाणकार दोघांनाही काढलं. त्यांच्या जागी नदीचा पत्ता टाकला. खाली शेरा लिहायचा रकाना आहे. काही वाक्यं सुचली, दोन तर चांगली होती.

रकाना रिकामा ठेवला.