पाइप न लावता

आबा, तुम्ही गेल्यानंतर मोटारसायकलच्या ब्रेकमध्ये तेल आलं. तुमच्या काळी तार किंवा दांडा असायचा; ओढलं की गाडी थांबायची, नाही थांबली तर पाय टेकायचे. आता हँडलपासून चाकापर्यंत तेलाची नळी येते. तिचं टोक एका पोकळ बोल्टानं बसवतात, आणि टोकाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा एकेक वायसर असतो. हे सांगायचं कारण, तुम्ही न पाहिलेल्या तुमच्या नातीची गाडी काल अंगणात उभी होती. नळी फुगली होती, नवी बसवायची होती. ती नांदूरघाटच्या दवाखान्यात नोकरीला आहे. येताना रोज मांजरसुंब्याचा घाट उतरून पालीवरून घरी येते. त्या उतारावर ब्रेक लागला नाही तर काय होईल, हे मला संस्कृतातही सांगता येईल, सांगत नाही.

तुमचं स्टँडमागचं पत्र्याचं दुकान आठवतं. मी सातवीत आहे. एका मास्तरांची गाडी तेल बदलायला आलीय आणि तुम्ही पाना माझ्या हातात दिलाय. मी इंजिनाखालचा बोल्ट आवळतो, बसला असं हाताला कळतं तिथं थांबतो. तुम्ही वाकून बघता. "झालं का बे? हातात जोर हाय का न्हाई?" मग पान्याच्या दांड्यावर तो हातभर लोखंडी पाइप चढवता आणि अंगाचं सगळं वजन टाकता. बोल्ट करकरतो आणि एकाएकी हलका होतो. इंजिनाचे आटे गेले. मास्तर विचारतात, काय झालं? तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणता, "पोरानं मारले आटे. हातात जोर न्हाई आन् डोक्यात अक्कल बी न्हाई." ज्याच्या हातात जोर नाही त्यानं आटे मारले कसे, हा प्रश्न मला तिथंच पडला होता. अशा बोलण्याला वदतोव्याघात म्हणतात, हे पुढं संस्कृत पाठशाळेत कळलं. तिथंही तुम्हीच पोचवलंत. आईनं "कावून?" विचारलं, तर म्हणालात, "बसून बोलायचं काम हाय, त्याला लई जमंल." जमलं, आबा. तीस वर्षं बसून बोलतोय.

तर काल. नातीनं बोल्ट आणि वायसर दोन्ही नवे आणले होते. तुम्ही इंजिनाच्या बोल्टाचे तांब्याचे वायसर जुनेच आईच्या गॅसवर लाल करून परत घालायचात, आणि आई त्याच शेगडीवर भाकरी टाकताना तोंड फिरवायची. हिनं आधी बोल्ट बोटांनी फिरवून सरळ बसवला, नळीला पीळ पडला नाही ना ते पाहिलं, आणि मग एक पाना काढला. त्याच्यावर किती आवळायचं ते आधी लावून ठेवायचं, तेवढं झालं की तो कट् असा वाजतो. मी शेजारी उभा होतो. काही कळायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "सरक. तुझ्या हातात जोर नाही."

तिनं मान वर केली. "पप्पा, जोर कशाला लागतोय? वाजला की थांबायचंय." आणि एका हातानं, मनगटानंच, आवळलं. कट्. लोणच्याच्या बरणीचं झाकण लावायला लागतो त्याहून थोडा जास्त जोर. एवढाच. मला पाठशाळेत मात्रा मोजायला शिकवलं. एक जास्त झाली तरी वृत्त मोडतं. तुमच्या पान्याला मात्रा नव्हती, पाइप होता, आणि त्या पाइपानं तुम्ही माझं मापही काढलंत. बरं, काढलं ते काढलं. मास्तरांसमोर एकदा माझ्याकडं बघायला काय हरकत होती?

तिनं तेल भरलं, नळीतली हवा काढली, लिव्हर दाबून धरला. दगडासारखा घट्ट. मी बोल्टाखालून बोट फिरवलं, कोरडं. ती पालीपर्यंत जाऊन आली, घाटाच्या पायथ्याला दोनदा करकचून ब्रेक मारला म्हणाली, आणि हात धुवायला आत गेली. मी जे बोललो त्याचा तिनं विषयही काढला नाही. तुमच्याहून मोठ्या मनाची आहे, माझ्याहूनही.

ती आत गेल्यावर मी काढून टाकलेला जुना बोल्ट उचलला. तुमचा शिकंजा अजून परसात आहे, गंजलेला, पण धरतो. बोल्ट त्यात धरला, डोक्याला पाना लावला आणि पाइप न लावता फिरवला. तुटला. आतून पोकळ असतो तो, कुणाच्याही हातानं तुटला असता. हे मला ठाऊक होतं, तरी बराच वेळ दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन उभा राहिलो. बरं वाटलं, आबा. या वयात, परसात, एकट्याला. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि तुम्हाला पाठवायची सोय नाही.